मी खोटा ठरवलेला नळ

सांगतो, पण एका अटीवर. आमच्या गल्लीत कधी आलात तर हा विषय काढायचा नाही. तिथं हा किस्सा माझ्यापेक्षा रंगवून सांगणारे निदान चाळीसजण आहेत, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात मी आधीपेक्षा थोडा जास्त मूर्ख असतो. माझ्याकडून ऐकाल तर निदान होतो तेवढाच मूर्ख दिसेन.

मी मूळचा इथलाच, छत्रपती संभाजीनगरचा. पण पाचवीत असताना वडिलांची बदली झाली आणि मला उचलून दूर डोंगरातल्या एका निवासी शाळेत ठेवलं. तिथून दिल्ली, दिल्लीहून परदेश. परदेशात मी दोन वर्षं एकच गोष्ट शिकलो. मोबाईलवर आलेली माहिती खरी की खोटी, हे मुलांना ओळखायला कसं शिकवायचं. याला माध्यम साक्षरता म्हणतात.

नाव ऐकून जांभई दिलीत ना? दिसली मला. पण मी तेव्हा पेटलेला होतो हो! आपल्या गावी परत जायचं, आपल्या मुलांना शिकवायचं आणि अफवा नावाची गोष्ट मराठवाड्यातून हद्दपार करायची. किती दिवसांत? मी स्वतःला एक शैक्षणिक वर्ष दिलं होतं.

उस्मानपुऱ्याच्या मागच्या अंगाला एक लहानशी मराठी शाळा आहे. तिथं नववीचा वर्ग मिळाला. शाळेपासून चार गल्ल्या सोडून शोभाकाकूंच्या घरी वरच्या मजल्यावरची खोली भाड्यानं घेतली. काका कंपनीत पाळीला जायचे, मुलगी पूनम बँकेत नोकरीला, आणि घराचा कारभार काकूंच्या हातात. पहिल्याच दिवशी जिन्यात अडवून त्यांनी मला विचारलं.

"तू नेमकं शिकवतो काय रे?"

"मोबाईलवर आलेलं खरं की खोटं, ते ओळखायला शिकवतो काकू."

"त्यात काय शिकवायचंय? ज्यानं पाठवलं त्याला इचारायचं. त्यापायी दोन वर्षं परदेशात राहिला व्हय?"

मी मोठ्या मनानं हसलो. बिचाऱ्या काकू! त्यांना शास्त्र काय कळणार?

आता नळाचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो. रविवारी सकाळी सातला. बाहेरच्यांना हे ऐकून वाईट वाटतं, इथल्यांना नाही वाटत. इथं माणसं कॅलेंडरात आधी नळाचा वार बघतात, मग चतुर्थी, मग बाकीचं. पूनमचा साखरपुडा ठरला तेव्हा गुरुजींनी तीन मुहूर्त काढून दिले. काकूंनी क्षणात रविवार उचलला.

गुरुजी म्हणाले, "गुरुवारचा जास्त चांगला आहे."

काकू म्हणाल्या, "गुरुवारी नळ नाय येत."

गुरुजीही याच शहरात राहतात. वाद तिथंच संपला.

तर रविवारी सातला नळ आणि अकराला साखरपुडा. ऐंशी पानं. अंगणात मांडव, मागं आचारी. वरपक्ष सिल्लोडचा, कापसाची शेती असलेलं मोठं घराणं. मुलाचे वडील भास्करराव मुलगी बघायला आले तेव्हा पाण्याचा पेला हातात घेऊन हसत म्हणाले होते, "पुढच्या वेळेला आम्ही पाणी घरून आणावं, का मिळंल इथं?" सगळे हसले. काकूही हसल्या. पण ते वाक्य त्यांच्या घशात अडकून राहिलं. "या तर खरं," त्या मला नंतर म्हणाल्या, "पाण्यावरनं एक शब्द बोलायची सोय ठेवत नाय मी त्यांला." आणि पाहुण्यांना स्वच्छ पाणी द्यायचं म्हणून शनिवारी सकाळी टाकी रिकामी करून घासून घ्यायचीही त्यांनी ठरवली. रविवारी सातला नवं पाणी येणारच होतं ना!

हे एवढं लक्षात ठेवा. रिकामी टाकी, ऐंशी पानं आणि सिल्लोडचे व्याही.

इकडं शाळेत माझं काम जोरात चाललेलं. वर्गाच्या भिंतीवर मी स्वतः रंगवलेला तक्ता होता. त्यावर पाच प्रश्न. पाठवणाऱ्याचं नाव आहे का? तारीख आहे का? घाई करायला लावतोय का? लिहिण्यात गबाळेपणा आहे का? पुढं पाठवा म्हणतोय का? पाचांपैकी तीन ठिकाणी गडबड दिसली की मेसेज खोटा. मुलांनी तक्ता पाठ केला. वैभव नावाचा एक पोरगा तर दुसऱ्याच दिवशी तक्रार घेऊन आला.

"सर, आमच्या आजोबांचा सकाळचा सुविचार पाचही प्रश्नांत नापास होतोय. काय करू?"

"त्याला सोड."

"पण आजोबा रोज पाठवतेत."

"आजोबांनाही सोड!"

वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी आफरीन. राहायला आमच्याच गल्लीत, काकूंच्या अगदी समोर. तिची आई नसीमआपा. आफरीननं मोबाईलवर एक लाल स्टिकर तयार केलं होतं. गोल शिक्का, त्यात आडवं लिहिलेलं, 'खोटं!' खोटा मेसेज दिसला की मुलं तो शिक्का चिकटवायची. इतका देखणा शिक्का होता की काही मुलं तो वापरायला मिळावा म्हणून खोटे मेसेज शोधत फिरायची. आणि शोधणाऱ्याला काय, मिळतंच.

साखरपुड्याच्या आधीचा शुक्रवार. माझ्या तासाला आफरीन आईचा मोबाईल घेऊन उभी राहिली. "सर, हा आजच आलाय. तपासू या का?"

मी मेसेज फळ्यावर जसाच्या तसा उतरवला.

"अर्जंट अर्जंट. सर्व लोकांना कळवण्यात येते की या वेळेस नळ रविवारी येणार नाही. रविवारच्या ऐवजी उद्या अकरा वाजता येणार. पाणी भरून घेणे. नंतर तक्रार चालणार नाही. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

खाली तीन नमस्कार आणि एक गुलाबाचं फूल.

मला आनंदानं अक्षरशः भरून आलं. इतका अस्सल नमुना मला परदेशातल्या पुस्तकातही मिळाला नव्हता!

"नाव आहे का?"

"नाय सर!" सगळा वर्ग एका सुरात.

"तारीख?"

"नाय! नुसतं उद्या!"

"घाई?"

"दोनदा अर्जंट, सर!"

"गबाळेपणा?"

"गुलाब कशाला लावलाय, सर?"

"आणि शेवटी?"

"सगळ्या ग्रुपवर पाठवा!"

पाचपैकी पाच! मी खडू खाली ठेवला. आफरीन मात्र अजून उभीच होती.

"पण सर, हा आमच्या मामूकडनं आलाय."

आता इथं थांबा. इथं एका साध्या माणसानं काय विचारलं असतं? "मामू काय करतात गं?" चार शब्द. चार शब्दांत सगळं मिटलं असतं. पण मी साधा माणूस नव्हतो, मी शिकून आलेला होतो.

"शाब्बास!" मी ओरडलो. "मुलांनो, बघा! हाच तो सापळा! अनोळखी माणसानं पाठवलं तर आपण दहादा विचार करतो. पण मामानं पाठवलं, काकानं पाठवलं की आपली बुद्धी झोपी जाते. जवळच्या माणसाकडून आलेला मेसेज सगळ्यात आधी तपासायचा!"

"पण सर, मामू—"

"आफरीन, मामू प्रेमळ आहेत ना?"

"हो सर, लई."

"म्हणूनच!"

ती खाली बसली. मागून वैभवनं हात वर केला. "सर, सलीममामू तर—" तेवढ्यात घंटा झाली. त्याला काय सांगायचं होतं ते मी नंतर ऐकू म्हटलं. मुलांनी शिक्का काढला आणि शाळा सुटायच्या आत तो गल्लीतल्या सगळ्या ग्रुपांवर जाऊन आदळला. वर मुलांनी आपल्या मनानं एक ओळही घातली होती. 'सरांनी तपासलेले आहे.'

संध्याकाळी काकूंनी हाक मारली. मी खाली गेलो. त्या ओसरीत उभ्या, हातात मोबाईल, त्यावर आमचा लाल शिक्का.

"अनिकेत, खरंच खोटा हाय ना रे हा मेसेज? माझ्या पोरीचा साखरपुडा हाय. उद्या हे कंपनीत असणार. मला पूनमला घेऊन गुलमंडीला जायचंय. ब्लाऊज शिवून तयार हाय, बांगड्या भरायच्यात. नळ येणार असंल तर मी घर सोडत नाय."

"बिनधास्त जा काकू. शंभर टक्के खोटा."

"तू कुणाला इचारलं?"

"विचारायची गरजच नाही. बघूनच कळतं."

"बघूनच?"

"बघूनच."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं, मग मान वळवून समोर नसीमआपांच्या दाराकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा चेहरा सैल झाला.

"बरोबर हाय तुझं. आपाचे ड्रम बाहेर नाय."

"कसले ड्रम?"

तेव्हा मला कळलं. नळ यायचा असला की नसीमआपा आदल्या संध्याकाळी आपले तीन निळे ड्रम धुऊन दाराबाहेर पालथे घालतात. सगळी गल्ली ते ड्रम बघते. मेसेज कुणी वाचत नाही, वाचला तरी ड्रमावरून खात्री करतात. का, कशावरून, हे मी विचारलं नाही. वर्षानुवर्षं ते ड्रम कधी चुकले नव्हते, एवढं पुरे.

मला थोडं लागलंच. माझी दोन वर्षं एका पारड्यात आणि तीन ड्रम दुसऱ्यात! पण निकाल एकच आला म्हणून मी सोडून दिलं. ड्रम बाहेर का नव्हते, हे मला कुठं माहीत होतं? समोरच्या घरात आफरीननं आईला बजावलं होतं, "अम्मी, ड्रम नको काढू. सर बोलले, झूठ है." म्हणजे काकू ड्रमांच्या भरवशावर, ड्रम आफरीनच्या, आफरीन माझ्या, आणि मी? मी भिंतीवरच्या तक्त्याच्या! आणि गल्लीतल्या बाकी सगळ्यांना मनातून वाटत होतं की एवढा शिकलेला माणूस एवढ्या ठामपणे बोलतोय, म्हणजे यानं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात जाऊन विचारलंच असणार.

शनिवारी सकाळची शाळा. मी वर्गात गेलो तर मुलांनी टाळ्या वाजवल्या. बरोबर अकरा वाजता मी, देवा, आता आठवलं तरी कानशिलं तापतात, मी हात लांब करून भिंतीवरचं घड्याळ दाखवलं आणि विचारलं, "अकरा वाजले. कुठाय नळ?"

वर्ग खो खो हसला. मीसुद्धा हसलो.

चार गल्ल्या पलीकडं त्याच मिनिटाला नळाला अशी धार लागली होती म्हणतात, की गेल्या उन्हाळ्यापासून तशी लागली नव्हती, आणि रविवारच्या भरवशावर सगळ्यांच्या तोट्या बंद होत्या.

साडेबाराला मी घरी यायला निघालो. गल्लीच्या तोंडाशी पायाखाली चिखल लागला. पुढं बघतो तर कोपऱ्यावरच्या एका घराचा नळ उघडा राहिलेला, त्याचं पाणी रस्त्यावरून वाहत येऊन खड्ड्यात साचलेलं, आणि त्या खड्ड्यात तोंड घालून एक म्हैस निवांत पाणी पितेय. त्या दिवशी आमच्या गल्लीत पोटभर पाणी मिळालेली ती एकटीच. तिनं माझा तास केलेला नव्हता.

मागून रिक्षा आली. काकू आणि पूनम उतरल्या. पूनमच्या दोन्ही हातांत नव्याकोऱ्या हिरव्या बांगड्या. काकूंनी पिशव्या हातात घेतल्या आणि खाली बघितलं.

"हे पाणी कशाचं रे?"

मी म्हणालो, "कुणाची तरी टाकी भरून वाहिली असेल काकू."

"कुणाची? गल्लीत टाकी भरायला पाणी हाय कुणाकडं?"

पिशव्या माझ्या हातात देऊन त्या आत गेल्या. टाकीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग माझ्या नावाची हाक.

मी आत गेलो. काकूंनी मला टाकीत वाकून बघायला लावलं. आत इतकं स्वच्छ होतं की तळाला माझं तोंड दिसत होतं.

"बघ," काकू म्हणाल्या. "बघूनच कळतंय ना तुला? बघ."

तोवर गल्ली गोळा झाली. प्रत्येकाची टाकी अशीच. सगळे माझ्याकडं असे बघत होते, जसं मी पाणी एकट्यानं पिऊन टाकलंय. नसीमआपा पदर सावरत आल्या, मागं आफरीन मोबाईल घेऊन.

"सर," आफरीन अगदी हळू म्हणाली, "मामूचा फोन होता. विचारत होते, आज कुणीच पाणी का नाय भरलं. मामू नळाचे लाईनमन हायेत सर. तेच पाणी सोडतेत."

"अगं, मग काल का नाही सांगितलंस?"

"सांगत होते सर. तुम्ही म्हणले, प्रेमळ आहेत ना."

नसीमआपांनी कपाळावर हात मारला. "मैं बोली इसकू, सगा मामू है तेरा! तर ही म्हणते, अम्मी, सर बोले सगे मामू का तो बिलकुल नक्को मानना!"

पूनम पायरीवर बसली. ती रडली नाही. नुसती बांगड्यांकडं बघत म्हणाली, "आई, बाबांना सांग ना, सिल्लोडला कळवून टाका. पाणी घरूनच आणा म्हणावं."

हे मात्र मला सहन झालं नाही. तोवर चालली होती ती माझी फजिती. पण त्या मुलीचा दिवस माझ्या तक्त्यापायी वाहून चालला होता, म्हशीच्या तोंडात! टँकरवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, मंगळवार. दुसऱ्यानं फोनच उचलला नाही. मी आफरीनकडून पत्ता घेतला आणि स्कूटर काढली.

सलीममामू शेजारच्या वसाहतीत रस्त्याकडेच्या खड्ड्यात उतरून, लांबलचक लोखंडी चावीनं व्हॉल्व्ह फिरवत होते. मी काठावर उभा राहिलो.

"सलीमभाई, मी आफरीनचा सर."

चावी थांबली. त्यांनी मान वर केली. "अच्छा! मेरे मेसेज कू झूठा बोलने वाले तुमच क्या?"

"त्यावर तुमचं नाव नव्हतं हो."

"नाव टाकू? नाव टाकलं की सगळी गल्ली मेरेकूच फोन करती. सलीम, दहा मिनिटं जास्त सोड. सलीम, धार बारीक हाय. मैं चावी घुमाऊं के फोन उठाऊं?"

"तारीख तरी टाकायची."

"उद्या म्हणलं ना! उद्याला कोणती तारीख हाय ते कळत नाय का लोकांना?"

"आणि दोनदा अर्जंट?"

"या शहरात पाण्यापेक्षा अर्जंट काय हाय, ते सांगा सर तुम्ही."

मी पुढच्या प्रश्नावर गेलो. "सगळ्या ग्रुपवर पाठवा कशाला लिहिता?"

"मग मी एकटा किती जणांना पाठवू?"

"आणि तो गुलाब?"

ते जरा लाजले. "लोक शिव्या घालतेत ना टाईम बदलला की. म्हणून."

रस्त्याच्या कडेला, त्या खड्ड्याच्या काठावर, माझे पाचही प्रश्न एकामागून एक नापास झाले. मी त्यांना पूनमचं सगळं सांगितलं.

"शोभाताईची पूनम? मेरे सामने बडी हुई वो." त्यांनी चावी खांद्यावर घेतली. "उद्या वरच्या टाकीची सफाई हाय, दहाला. म्हणून तर आज सोडलं होतं. सफाईच्या आधी, नऊला, वीस मिनिटं देतो तुमच्या लाईनीला. फक्त वीस. और सर, एक काम करो."

"काय वाटेल ते!"

"मेसेज मी टाकतो. तुम नक्को डालो."

संध्याकाळी मेसेज आला. अर्जंट अर्जंट, उद्या, नाव नाही, गुलाब होता. पाचपैकी पाच खोटा! समोर नसीमआपांनी तीन निळे ड्रम धुऊन दाराबाहेर पालथे घातले. अर्ध्या तासात सगळ्या गल्लीत दारोदारी ड्रम, पिंपं, घागरी उभ्या राहिल्या. मला कुणी काही विचारलं नाही.

आता एकच अडचण राहिली. नऊला पाणी, म्हणजे स्वयंपाक अकरापर्यंत होणार नाही. साखरपुडा साडेबाराला ढकलावा लागणार. मुहूर्त तेवढा ताणता येतो, असं गुरुजी म्हणाले. काकूंनी मला बोलावलं.

"मला फोन करायला तोंड नाय. पाण्याचं नाव निघालं की भास्करराव हसणार. तू मेसेज लिही त्यांला. पाण्याचं लिहू नको. नीट लिही. तेवढं तर येत असंल?"

गेलेली अब्रू परत मिळवायची हीच संधी! काकूंचा फोन सारखा आचाऱ्याशी चालू होता, म्हणून मी माझ्याच फोनवरून लिहिलं. असा मेसेज लिहिला, की माझ्या तक्त्यानं उभं राहून सलाम करावा.

"प्रति, श्री. भास्करराव, सिल्लोड. विषय: नियोजित साखरपुड्याच्या वेळेतील बदलाबाबत. महोदय, उद्या रविवार रोजी सकाळी अकरा वाजता होणारा कार्यक्रम दुपारी साडेबारा वाजता होईल, याची नोंद घ्यावी. स्रोत: वधूच्या मातोश्रींशी प्रत्यक्ष संभाषण. खात्री करून घेण्यासाठी याच क्रमांकावर संपर्क साधावा. शोभाताईंच्या वतीने."

नाव होतं, वार होता, वेळ होती, स्रोतसुद्धा होता. गुलाब नव्हता. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर काही आलं नाही. मोठी माणसं थोडक्यात वागतात, असं मी धरून चाललो.

रविवारी नऊ वाजता नळ आला. ती वीस मिनिटं मी विसरणार नाही. काका, काकू, पूनम, मी, आफरीन, वैभव, सगळे पळत होतो. नसीमआपांनी स्वतःच्या ड्रमाआधी आपली नळी रस्ता ओलांडून काकूंच्या टाकीत सोडली. नऊ वीसला धार तुटली तेव्हा टाकी तीन चतुर्थांश भरली होती. पुरेशी होती! आचाऱ्यानं चुलीवर आधण ठेवलं. मला मागच्या दारी पाटावर बसवून काकूंनी कांद्यांचं एक पोतं समोर ओतलं. "हे चीर. यात खरं-खोटं काय नाय."

मी अर्ध्या पोत्यापर्यंत आलो होतो. साडेदहाला दारात गाड्यांचे हॉर्न वाजले.

सिल्लोडची मंडळी! दोन तास आधी!

काकूंचे केस ओले, अंगावर घरची साडी, पदराला हळदीचे हात. पूनमनं किंचाळून दार लावून घेतलं. भास्करराव मात्र मांडवात येऊन उभे राहिले ते छाती पुढं काढून.

"विहीणबाई, आधी एक ऐका! मोठ्या फसवणुकीतनं वाचलो आम्ही!"

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काल तुमच्या नावानं कुणीतरी मेसेज धाडला. साखरपुडा म्हणे साडेबाराला! नंबर अनोळखी. पण आम्ही फसतो व्हय? बघूनच वळखलं."

"बघूनच?"

"बघूनच! प्रति काय, विषय काय, महोदय काय! आपलं घरचं माणूस असं लिहितंय का कधी? आणि खाली म्हणतो, खात्री करायला याच नंबरावर फोन करा. अहो, तिथंच तर लुटतेत! लगेच तो नंबर ब्लॉक करून टाकला. तुम्हाला फोन लावणार होतो, पण म्हटलं लग्नघर, कशाला घाबरवायचं. उलट साडेदहालाच पोचायचं ठरवलं, म्हटलं बघू कोण अडवतंय!"

पूनमच्या दारामागून काहीतरी फुटल्यासारखा हसण्याचा आवाज आला. माझ्या जिवात जीव आला, खरं सांगतो. हसली ना पोरगी!

"माझी पुतणी म्हणते," भास्करराव पुढं सांगू लागले, "आता शाळेत शिकवतेत म्हणे हे असलं ओळखायला. ज्यानं कुणी हे शिकवायचं काढलं ना विहीणबाई, त्याला नारळ द्यायला पाहिजे."

काकूंनी मागच्या दाराकडं बोट केलं. "द्या की. तिथं बसलाय, कांदे चिरत."

भास्करराव खरोखर आत आले, नारळ घेऊन! मी उठलो. हातात सुरी, डोळ्यांतून धारा. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "अहो सर, एवढं भरून नका येऊ देऊ." काकू त्यांच्या मागं उभ्या राहून माझ्याकडं बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं की आता यानं तोंड उघडलं, पाण्याचं सगळं सांगितलं, तर याची खैर नाही.

मी नारळ घेतला. वाकून नमस्कार केला.

"तुमचा नंबर द्या सर," भास्कररावांनी खिशातून मोबाईल काढला. "असा माणूस ओळखीत पाहिजे."

मी नंबर सांगू लागलो. ते एकेक आकडा मोठ्यानं म्हणत दाबत होते. पाच झाले, सात झाले, नऊ झाले. त्यांच्या कपाळावर एक बारीकशी आठी पडायला लागली.

आणि नववीला खरं-खोटं शिकवणाऱ्या सरांनी शेवटचा आकडा खोटा सांगितला.